उकाड्यातली पिओनी: हर्बेशियस, इटो की ट्री?

अमेरिकेच्या दक्षिणेत पिओनी हे मोठ्या फुलांचं बागेतलं झाड येत नाही, असं सर्रास सांगितलं जातं. ते अर्धंच खरं आहे. जुलैतल्या चिकट उकाड्याने पिओनी सहसा मरत नाही. पानं करपतात, झाड मरगळतं, पण मुळं जमिनीखाली तग धरून असतात. खरी गोची आहे हिवाळ्याची. पिओनीच्या तीन प्रकारांपैकी हर्बेशियसला, म्हणजे नेहमीच्या मऊ देठांच्या पिओनीला, फुलायचं तर 4 अंश सेल्सियसच्या आसपास किंवा त्याखाली साधारण 500 ते 1000 तास मिळावे लागतात. तेवढी थंडी पडली नाही तर वसंतात नुसती पानं.

म्हणून आधी आपला हिवाळा बघा, कॅटलॉग नंतर. नुसत्या यूएसडीए झोनवर, म्हणजे अमेरिकी कृषी खात्याने थंडीनुसार पाडलेल्या विभागांवर, विसंबू नका. वर्षातली सगळ्यात कडक थंडी सरासरी किती अंशांवर उतरते, एवढंच तो सांगतो. थंडी किती दिवस मुक्काम करते आणि उन्हाळ्यातल्या रात्री किती दमट असतात, याबद्दल तो गप्प. नॅशव्हिल, रॅले, उत्तर जॉर्जियाचा डोंगराळ भाग इथे फारशी चिंता नाही. अटलांटा-बर्मिंगहॅम पट्ट्यात जमतं, पण वाण पारखून घ्यावा लागतो. गल्फ किनाऱ्याचं शेवटी बोलू.

हर्बेशियस म्हणजे आपण चित्रात बघतो ती नेहमीची पिओनी. हिवाळ्यात जमिनीपर्यंत वाळते आणि वसंतात लालसर कोंब घेऊन वर येते. तिघींत स्वस्त हीच, वाणही हिच्यातच सगळ्यात जास्त. दक्षिणेत मात्र यातले निम्मे वाण बाद समजा, कारण इथला वसंत आखूड. एप्रिल संपता संपता पारा तिशीला टेकतो आणि उशिरा येणारी भरगच्च कळी उघडायच्या आतच शिजते. त्यात दोन दिवस पाऊस झाला की पाकळ्या एकमेकींना चिकटून ओल्या टिश्यूचा गोळा होतो आणि त्यावर करडी बुरशी चढते. म्हणून लवकर फुलणारी घ्या, आणि शक्यतो एकेरी किंवा अर्धभरगच्च. ‘कोरल चार्म’ दोन्ही अटींत बसते. पहिल्या दिवशी फूल पोवळ्याच्या रंगाचं असतं, चार-पाच दिवसांत सायीसारखं फिकट पिवळट होतं. भरगच्चच हवी असेल तर 1851 सालची ‘फेस्टिवा मॅक्सिमा’ घ्या: पांढरी, मध्ये किरमिजी शिंतोडे, आणि लवकर येणारी. ‘सारा बर्नहार्ट’च्या फोटोंवर मीही भाळले होते. ती उशिराची आहे, फूलही जड. आमच्याकडे चार वर्षांत दोनदाच धड उमलली.

इटो हा हर्बेशियस आणि ट्री पिओनीचा संकर. जपानमधल्या तोइची इतो यांनी 1948 साली तो साधला, पण ती फुलं बघायच्या आत, 1956 साली ते गेले. रोपं फुलली ती 1960च्या दशकात. या संकराचं ‘इटो’ हे नाव त्यांच्यावरूनच. दक्षिणेतल्या माणसाला यात तीन गोष्टी कामाच्या. देठ मजबूत, त्यामुळे पावसात फूल चिखलात लोळत नाही. पानांवरचे रोग बरेच कमी, ऑगस्टमध्येही झुडूप बघवतं. आणि कळ्या एकदम न उघडता पुढेमागे उघडतात, त्यामुळे उकाड्याच्या एका लाटेत सगळा मोसम वाया जात नाही. थंडीही थोडी कमी चालते. फूल हर्बेशियसच्या लवकर येणाऱ्या वाणांनंतर येतं, पण बहुतेक वाण अर्धभरगच्च असल्याने निभावतं. खटकते ती किंमत: हर्बेशियसच्या दुप्पट, कधी त्याहून जास्त. पिवळी ‘बार्टझेला’ सहज मिळते आणि तिने मला एकदाही निराश केलेलं नाही.

ट्री पिओनी म्हणजे झाड नव्हे, लाकडी फांद्यांचं झुडूप. थंडीची गरज कमी, फूल हर्बेशियसच्या आधी आणि ताटाएवढं. कागदावर हीच दक्षिणेची राणी वाटते. पण वाढ फार मंद, फुलं आठवडाभरही टिकत नाहीत, आणि लवकर फुगलेल्या कळ्या मार्चमधल्या एखाद्या हिमरात्रीत काळ्या पडतात. पाच-सहा वर्षांत घर बदलायचा विचार असेल तर हिच्या वाटेला जाऊ नका.

आता खोलीचं. बहुतेक सूचना उत्तरेसाठी लिहिलेल्या असतात. हर्बेशियसच्या मुळावर बटाट्याला असतात तसे डोळे असतात. उत्तरेत ते 5 सेंटिमीटर खाली पुरतात. दक्षिणेत ते 1 ते 2 सेंटिमीटरच खाली हवेत, म्हणजे थंडी त्यांच्यापर्यंत पोचते. मी पहिलं रोप पाकिटावरच्या सूचनेप्रमाणे पुरलं आणि तीन वर्षं हिरवीगार पानं बघत बसले. चौथ्या वर्षी ऑक्टोबरमध्ये उकरून वर घेतलं, नंतरच्या दुसऱ्या एप्रिलमध्ये कळ्या दिसल्या. इटोला थोडी जास्त खोली चालते. ट्री पिओनीचं गणित अगदी उलटं: कलमाचा जोड 10 ते 15 सेंटिमीटर जमिनीखाली गेला पाहिजे, म्हणजे वरच्या भागाला स्वतःची मुळं फुटतात.

हिवाळ्यात बुंध्यावर आच्छादन घालू नका, थंडी अडते. जानेवारीत बुंध्यावर फ्रीझरमधला बर्फ ओतणारेही भेटतात. माझा त्यावर विश्वास नाही, दोन तासांत वितळणाऱ्या बर्फाने पाचशे तास कसे भरणार? त्यापेक्षा निचऱ्याकडे बघा. इथली लाल चिकणमाती पाणी धरून ठेवते आणि मुळं कुजतात, म्हणून वाफा वीसेक सेंटिमीटर उंच करा. ही माती बहुधा आम्लधर्मी असते, तपासून चुना घाला. सकाळचं ऊन भरपूर, दुपारनंतर सावली. कळ्यांवर मुंग्या दिसल्या तर औषध फवारू नका, त्या मधासाठी आलेल्या असतात.

एकच रोप घ्यायचं असेल आणि अटलांटाच्या आसपास राहत असाल तर मी इटो सांगेन, महाग असली तरी. फुलदाणीसाठी मूठभर फुलं हवी असतील तर त्याच पैशात दोन ‘कोरल चार्म’ घ्या, आणि शरदात हर्बेशियसची सगळी पानं कापून कचऱ्यात टाका, खतात नको, बुरशी त्यातच हिवाळा काढते.

गल्फ किनाऱ्यावर, म्हणजे ह्यूस्टन, न्यू ऑर्लीन्स, मोबिल इथे मात्र तिघींपैकी एकही नको. माझ्या ह्यूस्टनच्या मैत्रिणीने दोन हर्बेशियस आणि एक इटो घालवली, मग कॅमेलिया लावली. आता ऐन जानेवारीत ती मला भरगच्च गुलाबी फुलांचे फोटो पाठवते, तेव्हा माझ्या वाफ्यात नुसती माती असते.