डेंटल चेअरची स्वतंत्र पाण्याची बाटली: नऊ महिन्यांचा अनुभव

लातुरात दवाखाना चालवायचा म्हणजे दातांच्या आधी पाण्याचं बघावं लागतं. एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आलं, तेव्हा माझी प्रॅक्टिस नुकतीच सुरू झाली होती. तेव्हापासून गच्चीवरची टाकी कधी नळाच्या, कधी टँकरच्या, कधी बोअरच्या पाण्याने भरत आले, आणि तेच पाणी थेट चेअरला जोडलेलं होतं. मध्ये एक साधा फिल्टर बसवलाय म्हणजे झालं, अशी माझी समजूत होती.

मागच्या पावसाळ्यात थ्री-वे सिरिंजची, म्हणजे तोंडात पाणी आणि हवा मारायच्या नळीची, धार बारीक झाली म्हणून मेकॅनिकला बोलावलं. त्याने आतली नळी काढली आणि ब्लेडने उभी चिरून माझ्यासमोर धरली. जेमतेम दोन मिलिमीटरची पोकळी, आतून पिवळसर, बुळबुळीत. नखाने ओढलं तर दुधावरच्या सायीसारखा थर सुटून आला, त्याच्याखाली क्षाराची खरखर. त्याच सकाळी मी त्या चेअरवर सात वर्षांच्या एका मुलाची दाढ भरली होती. मला फार वाईट वाटलं. अजूनही वाटतं.

हा थर म्हणजे बायोफिल्म, जंतूंचा चिकट थर. नळी इतकी अरुंद असते की थोड्याशा पाण्यालाही भिंत फार मोठी मिळते, आणि भिंतीलगतचं पाणी जवळपास हलतच नाही. त्यात रात्रभर, रविवारभर पाणी साचून राहतं. टाकीतून आलेले थोडेसे जंतू तिथे चिकटतात, स्वतःभोवती चिकट आवरण तयार करतात आणि वाढत राहतात. आपण एअरोटर (दात कोरायचं यंत्र) किंवा स्केलर (दातांवरचा कीटण काढायचं यंत्र) लावला की त्याच पाण्याचं धुकं रुग्णाच्या तोंडात जातं, आणि आपल्या नाकातही. इटलीत 2011 मध्ये 82 वर्षांच्या एका बाई लिजिओनेला जंतूच्या न्यूमोनियाने दगावल्या; तो जंतू त्यांच्या दंतवैद्याच्या चेअरच्या पाण्यात सापडला. अमेरिकेत कॅलिफोर्नियात 2016 मध्ये दुधाच्या दातांची पल्पोटॉमी (दाताच्या आतल्या नसेचा वरचा भाग काढणं) केलेल्या कितीतरी मुलांना चेअरच्या पाण्यातल्या मायकोबॅक्टेरिया नावाच्या जंतूंमुळे जबड्याचा संसर्ग झाला. हे वाचल्यावर मी थांबले नाही, बाटली मागवली.

बाटली म्हणजे चेअरला बाजूने लावायची प्लास्टिकची एक लिटरची बाटली. कॉम्प्रेसरची हवा तिच्यावर दाब देते आणि टाकीचा संबंधच तुटतो. बसवायला अर्धा दिवस लागला, खर्च एका बऱ्या एअरोटरइतका आला. आरओच्या जारचं पाणी भरलं आणि पाणी तपासायला दिलं. रिपोर्ट आला, ‘पिण्यायोग्य’. बरं वाटलं, पण नीट वाचल्यावर कळलं की त्यांनी फक्त कोलिफॉर्म, म्हणजे सांडपाण्याची भेसळ दाखवणारे जंतू, तपासले होते, आणि नळीतले बहुतेक जंतू त्या तपासणीत दिसतच नाहीत. मग हेटरोट्रॉफिक प्लेट काउंट, म्हणजे पाण्यातल्या सर्वसाधारण जंतूंची मोजणी, मुद्दाम मागितला. सॅम्पल बर्फाच्या डब्यात घालून त्याच दिवशी पोचवलं. अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेची मर्यादा एका मिलिलिटरला 500 सीएफयूची (वाढू शकणाऱ्या जंतूंच्या मोजणीचं एकक) आहे. आमचा आकडा तिच्या कितीतरी वर होता.

पाणी नवीन, नळ्या जुन्या. विकणाऱ्याने हे सांगितलं नव्हतं, म्हणून मी सांगते: नुसत्या बाटलीने काहीही होत नाही. स्वच्छ पाणी घाणेरड्या नळीतून गेलं की घाणेरडंच बाहेर येतं. आतल्या सगळ्या नळ्या बदलल्या, मग औषधाने शॉक दिला, म्हणजे नळ्यांत जंतुनाशक भरून कंपनीने लिहिलेला वेळ ठेवलं आणि नंतर भरपूर पाण्याने धुतलं. त्यानंतरचा रिपोर्ट मर्यादेच्या आत आला. दिवाळीत पाच दिवस दवाखाना बंद होता आणि बाटली भरलेलीच राहिली. पुढचा रिपोर्ट पुन्हा वर गेला आणि शॉक पुन्हा द्यावा लागला.

आता रोज संध्याकाळी बाटली रिकामी करून नळ्यांतून हवा सोडायची आणि बाटली उलटी वाळत ठेवायची. सकाळी दोन मिनिटं पाणी सोडायचं. प्रत्येक रुग्णानंतर वीस-तीस सेकंद, कारण हँडपीस (एअरोटरसारखं हातात धरायचं यंत्र) थांबताना तोंडातली लाळ थोडी मागे ओढली जाते, आणि ती अडवणारा व्हॉल्व्ह झिजला तर कुणाला कळतही नाही. आमच्या मावशी पहिल्या आठवड्यात कळवळून म्हणाल्या, “मॅडम, किती पाणी वाया जायलंय!” लातूरच्या माणसाला ते बघवत नाही, मलाही नाही. आता ते पाणी बादलीत धरतो आणि फरशी पुसायला वापरतो.

त्रासही आहेत. झाकणाचा वॉशर चार महिन्यांत गेला, हवा सूं सूं करत गळायची. स्केलिंगच्या मध्येच पाणी संपतं. दाब न सोडता बाटली फिरवली तर ती जोरात उडते. आणि आत लोंबणाऱ्या नळीला उघडा हात लागला की सगळी मेहनत वाया. हे मावशींना मी तीनदा करून दाखवलं. जंतू वाढू नयेत म्हणून रोज बाटलीत टाकायच्या गोळ्या मिळायला इथे वेळ लागतो, म्हणून तीन महिन्यांच्या आणून ठेवते. घरच्या ब्लीचवर मात्र जाऊ नका, चेअरच्या आतले धातूचे भाग खराब होतात.

अक्कलदाढ कापून काढायची असेल तर हे पाणी मी वापरत नाही. बाटलीत निर्जंतुक पाणी ओतलं तरी ते त्याच नळीतून येणार. तिथे सलाइनची सीलबंद बाटली आणि सिरिंज, दुसरं काही नाही.

माझ्याकडून या बाटलीला होकार आहे, पण नळ्या बदलायची आणि दर तीन महिन्यांनी काउंट तपासायची तयारी असेल तरच. दुसऱ्या चेअरच्या नळ्या या महिन्यात बदलून घेते आहे. तोवर त्या चेअरवर स्केलर लावत नाही, नुसती तपासणी करते.