ईस्ट जर्सी ओल्ड टाऊन व्हिलेज: बाबांना दाखवलेली आमची काउंटी

न्यू जर्सीतल्या एडिसनला राहून नऊ वर्षं झाली, पण आपल्या मिडलसेक्स काउंटीचा (काउंटी म्हणजे साधारण आपला जिल्हा) इतिहास मला पिस्काटावेच्या या जुन्या घरांच्या संग्रहालयात कळला. प्रवेश फुकट, कारभार काउंटीचाच. रॅरिटन नदी जवळच.

बाबा साताऱ्याच्या जिल्हा परिषदेतून निवृत्त झालेले. त्यांचा पहिलाच प्रश्न: "इथे सभापती कोण?" काउंटी १६८३ची, मुख्य ठिकाण न्यू ब्रन्सविक, कारभार सात निवडून आलेल्या कमिशनरांकडे. त्यांना २०२०च्या अखेरपर्यंत 'फ्रीहोल्डर' म्हणत, म्हणजे जमीनमालक! बाबांनी ते वहीत लिहून घेतलं. २५ गावं-शहरं आहेत आणि प्रत्येकाचा कारभार वेगळा, हे ऐकून तर ते थांबलेच.

न्यू ब्रन्सविकहून हलवून आणलेली इंडियन क्वीन टॅव्हर्न ही जुनी सराय नक्की बघा. १७७६मध्ये त्याच शहरात अमेरिकेच्या स्वातंत्र्यलढ्यातले नेते बेंजामिन फ्रँकलिन आणि जॉन ॲडम्स एका पलंगावर झोपले आणि खिडकी उघडी ठेवायची की बंद यावर वाद घालत राहिले. तुळईवरून हात फिरवायचा मोह होतो, पण हात लावू नये.

घरांमधले उंबरे उंच आहेत, आईला दोनदा धरावं लागलं. वयस्करांना घेऊन जाणार असाल तर सावकाश फिरा. आम्ही दिवाळीच्या सुट्टीत पुन्हा जाणार आहोत.