पीएचपीमध्ये एक्सएमएल वाचणं: सिम्पलएक्सएमएल, एक्सएमएलरीडर आणि डॉम, कित्येक महिने रोज वापरल्यावर

आमच्याकडे वेगवेगळ्या सप्लायरकडून रोज प्रॉडक्ट फीड (मालाच्या याद्यांच्या फाइल) येतात, सगळे एक्सएमएलमध्ये (माहिती टॅगमध्ये गुंडाळून लिहायचा फॉरमॅट), काही अगदी छोटे तर काही शेकडो एमबीचे, आणि ते वाचून डेटाबेसमध्ये टाकायचं काम माझ्याकडे आहे. त्यामुळे पीएचपी या प्रोग्रामिंग भाषेतली एक्सएमएलची तिन्ही साधनं गेले कित्येक महिने मी रोज वापरतेय. आधीच सांगते, मला ती आवडतात. पण ट्युटोरियलमध्ये दाखवतात ते पहिल्या दहा मिनिटांचं काम असतं, खरा वेळ जातो तो फाइल वाचली का जात नाही किंवा वाचली गेली पण डेटा गायब का झाला हे शोधण्यात, आणि त्याबद्दल नीट लिहिलेलं फार कमी सापडतं, म्हणून हे लांबलचक.

एक गोष्ट सुरुवातीलाच कळली की बाकीचं सोपं जातं. सिम्पलएक्सएमएल, डॉमडॉक्युमेंट आणि एक्सएमएलरीडर ही दिसायला तीन वेगळी असली तरी आतून तिघांचं इंजिन एकच, लिबएक्सएमएल२ ही एक्सएमएल वाचणारी लायब्ररी. म्हणजे सिम्पलएक्सएमएलने जी फाइल नाकारली ती डॉमडॉक्युमेंटला दिली तरी तीच एरर येणार, क्लास बदलून काही होत नाही, फाइलच बघायला लागते.

सिम्पलएक्सएमएल पीएचपी ५ पासून आहे आणि रोजच्या वापराला अजूनही माझी पहिली पसंती त्यालाच. बाण (->) लावायचा आणि आत जायचं, अ‍ॅट्रिब्युट (टॅगच्या आतच लिहिलेली जास्तीची माहिती) हवा तर चौकोनी कंसात नाव, टॅगच्या नावात हायफन असेल तर नाव महिरपी कंसात अवतरणचिन्हांत लिहायचं, झालं. फक्त जे हातात येतं ते स्ट्रिंग (साधा मजकूर) नसून ऑब्जेक्ट असतं हे कायम डोक्यात ठेवायचं. एको केलं की बरोबर दिसतं, पण तेच सेशनमध्ये किंवा कॅशमध्ये टाकायला गेलात की सिरियलायझेशन (साठवण्याजोग्या मजकुरात बदलणं) चालत नाही म्हणून एक्सेप्शन येतं. म्हणून व्हॅल्यू बाहेर काढतानाच स्ट्रिंग कास्ट करायचा, म्हणजे तिचा साधा मजकूर करून घ्यायचा, आमच्या टीममध्ये हा नियमच आहे.

आता प्रिंट_आर, म्हणजे व्हेरिएबलमध्ये काय आहे ते छापून दाखवणारं फंक्शन. सिम्पलएक्सएमएल डीबग करायला प्रिंट_आर किंवा व्हार_डंप वापरू नका, हे मी अगदी कळकळीने सांगतेय. सीडेटामधला (टॅग न समजता जसाच्या तसा घ्यायचा) मजकूर त्यात रिकामा दिसतो, प्रीफिक्सवाले नेमस्पेसचे टॅग (नावाआधी कोलनसकट काहीतरी लावलेले) तर दिसतच नाहीत, आणि मजकूर असलेल्या टॅगचे अ‍ॅट्रिब्युटसुद्धा बऱ्याचदा गायब असतात. डेटा असतो, फक्त दाखवला जात नाही. माणूस तासन् तास फीडमध्ये वर्णन का येत नाही ते शोधत बसतो आणि ते तिथेच असतं. नोडवर अ‍ॅजएक्सएमएल मेथड चालवा, ती जे आहे ते जसंच्या तसं देते. आणि ते नोसीडेटा नावाचं फ्लॅग लावा असं जिथेतिथे सांगतात, त्याची स्ट्रिंग कास्ट करणाऱ्याला गरजच पडत नाही, कास्ट केला की सीडेटामधला मजकूर आपोआप येतो.

तेवढंच ठामपणे सांगावंसं वाटतं ते जेसन या दुसऱ्या डेटा फॉरमॅटच्या शॉर्टकटबद्दल, म्हणजे सिम्पलएक्सएमएलला जेसन एन्कोड करून परत डीकोड करायचं की अ‍ॅरे मिळतो. मिळतो खरा, पण किमतीच्या टॅगवर चलनाचा अ‍ॅट्रिब्युट असेल तर चलन उडतं आणि नुसता आकडा राहतो. शिवाय ऑर्डरमध्ये दोन वस्तू असतील तर वस्तूंची यादी येते, एकच असेल तर यादी न येता ती वस्तूच थेट येते, म्हणजे तुमचा फॉरईच (यादीवर फिरणारा लूप) एका वस्तूच्या ऑर्डरवर भलतंच काहीतरी करतो. टेस्ट डेटामध्ये नेहमी दोनतीन वस्तू असतात त्यामुळे हे लाइव्हवर गेल्यावरच कळतं. सरळ सिम्पलएक्सएमएलवरच फॉरईच चालवला तर एक असो वा दहा, वागणं सारखंच राहतं, मग तो फायदा कशाला घालवायचा.

नेमस्पेस, म्हणजे सारख्या नावाचे टॅग वेगळे ओळखायला त्यांना जोडलेला यूआरआय (वेब पत्त्यासारखं नाव), हा प्रकार मात्र खरंच वेळ खातो. रूट टॅगवर नुसता एक्सएमएलएनएस असेल, प्रीफिक्स नसलेला, तर बाणाने सगळं व्यवस्थित सापडतं पण एक्सपाथ (टॅगचा मार्ग लिहून नोड शोधायची भाषा) रिकामा अ‍ॅरे देतो, एररही नाही आणि वॉर्निंगही नाही. कारण एक्सपाथ १.० मध्ये प्रीफिक्स नसलेलं नाव म्हणजे कुठल्याच नेमस्पेसमध्ये नसलेलं नाव. उपाय सोपा आहे, रजिस्टरएक्सपाथनेमस्पेस वापरून त्या यूआरआयला आपल्या मनाने एखादं प्रीफिक्स द्यायचं आणि एक्सपाथमध्ये प्रत्येक टॅगच्या नावापुढे ते लावायचं. पण ते रजिस्ट्रेशन त्या एका ऑब्जेक्टपुरतंच असतं, एक्सपाथने मिळालेल्या नोडवर पुन्हा एक्सपाथ चालवायचा तर तिथे पुन्हा रजिस्टर करावं लागतं. हे माहीत नसेल तर बाहेरचा एक्सपाथ चालतो आणि लूपमधला चालत नाही असं विचित्र चित्र दिसतं.

प्रीफिक्सवाले टॅग हवे असतील तर चिल्ड्रन मेथडला पूर्ण यूआरआय द्या, प्रीफिक्स देऊ नका. प्रीफिक्स हे फाइल बनवणाऱ्याच्या मर्जीचं असतं. आमच्या एका सप्लायरने सॉफ्टवेअर बदललं आणि सगळ्या फाइलमधलं प्रीफिक्स एका रात्रीत वेगळं झालं, यूआरआय तोच होता त्यामुळे आमच्या इम्पोर्टला काहीही झालं नाही. यूआरआय मात्र अक्षर न् अक्षर जुळायला हवा, एचटीटीपीच्या जागी एचटीटीपीएस किंवा शेवटी एक जास्तीची तिरकी रेघ असली तरी तो वेगळाच नेमस्पेस. अजून एक बारीक गोष्ट, चिल्ड्रनमधून आत गेल्यावर चौकोनी कंसाने अ‍ॅट्रिब्युट मागितला तर तोही त्याच नेमस्पेसमध्ये शोधला जातो आणि सापडत नाही, तिथे अ‍ॅट्रिब्युट्स मेथड काही न देता कॉल करायची.

आता एरर. लिबएक्सएमएल_यूज_इंटर्नल_एरर्स हे ट्रू करायचं, लोड करायचं, निकाल === लावून फॉल्सशी ताडायचा. नुसतं उद्गारचिन्ह लावून तपासू नका, कारण रिकाम्या टॅगचा ऑब्जेक्टसुद्धा बूलियनमध्ये फॉल्स ठरतो, म्हणजे बरोबर असलेली पण रिकामी फाइल नापास होते. मग गेट_एरर्समधून यादी घ्यायची, त्यात लाइन, कॉलम, कोड आणि मेसेज सगळं मिळतं. यादीतली पहिली एररच वाचा. बाकीच्या बहुतेक तिच्यामुळेच आलेल्या असतात, पन्नास एरर बघून घाबरायचं कारण नसतं. आणि काम झालं की क्लिअर_एरर्स करा, नाहीतर दिवसभर चालणाऱ्या वर्करमध्ये जुन्या फाइलच्या एरर नव्या फाइलच्या नावावर लागतात.

काही मेसेज इतक्या वेळा बघितलेत की आता फाइल न उघडता अंदाज येतो. स्टार्ट टॅग एक्स्पेक्टेड म्हणजे जे आलंय ते एक्सएमएलच नाही, बहुतेक वेळा समोरच्या सर्व्हरने साध्या मजकुरातला एररचा संदेश पाठवलेला असतो. म्हणूनच यूआरएल थेट लोड_फाइलला देणं मी कधी करत नाही, आधी कर्लने (डाउनलोड करायचं साधन) आणायचं, स्टेटस कोड बघायचा, कच्ची फाइल डिस्कवर ठेवायची आणि मगच पार्स, म्हणजे एक्सएमएल म्हणून वाचणं. एक्सएमएल डिक्लरेशन फक्त सुरुवातीलाच चालतं असा मेसेज असेल तर पहिल्या टॅगच्या आधी रिकामी ओळ किंवा स्पेस आहे. एन्टिटी रेफला (& ने सुरू होऊन सेमीकोलनने संपणारं सांकेतिक नाव) नाव नाही किंवा सेमीकोलन हवा असं म्हणत असेल तर कुठेतरी नुसतं & चिन्ह पडलंय, बहुतेक एखाद्या इमेजच्या यूआरएलमध्ये. एनबीएसपी (एचटीएमएलमधली स्पेसची एन्टिटी) डिफाइन नाही असं आलं तर कोणीतरी एचटीएमएलचा मजकूर तसाच चिकटवलाय. एक्सएमएलला स्वतःहून फक्त पाच एन्टिटी माहीत असतात, अ‍ॅम्प, एलटी, जीटी, क्वोट आणि अपॉस. आणि एक्स्ट्रा कंटेंट अ‍ॅट द एंड असेल तर रूट टॅग संपल्यावर पुढे अजून काहीतरी आहे, आमच्याकडे एकदा दोन फाइल एकामागे एक जोडून आल्या होत्या.

एन्कोडिंगचा गोंधळ वेगळाच. डिक्लरेशनमध्ये यूटीएफ-८ लिहिलेलं आणि आत विंडोज-१२५२ चे बाइट, हे इतकं कॉमन आहे की विचारू नका. गोल अवतरणचिन्हं आली की पार्सर तिथेच थांबतो. यूटीएफ८_एन्कोड वापरू नका, पीएचपी ८.२ पासून ते डेप्रिकेटेड आहे, आणि तसंही ते मजकूर आयएसओ-८८५९-१ समजून चालतं त्यामुळे ही अवतरणचिन्हं चुकीच्या अक्षरांत बदलतात. एमबी_कन्व्हर्ट_एन्कोडिंगला विंडोज-१२५२ असं स्पष्ट सांगायचं. मात्र डिक्लरेशनमध्येच प्रामाणिकपणे विंडोज-१२५२ लिहिलं असेल तर हात लावू नका, लिबएक्सएमएल स्वतः बदलून तुम्हाला यूटीएफ-८ मध्येच देतं. कंट्रोल कॅरेक्टरचाही (न दिसणारी चिन्हं) त्रास असतो, ३२ च्या खालच्या कोडमधले फक्त टॅब, लाइन फीड आणि कॅरेज रिटर्न चालतात, बाकी काही आलं की इनव्हॅलिड कॅर, ते पार्स करायच्या आधी रेजेक्सने (मजकुरातला नमुना शोधून) काढून टाकायचे.

डॉमडॉक्युमेंटमध्ये रिकव्हर नावाची प्रॉपर्टी आहे, ती ट्रू केली की मोडकी फाइलसुद्धा उघडते. फाइल कुठे मोडलीय ते बघायला ती मस्त आहे. इम्पोर्टला अजिबात नको, कारण जे समजलं नाही ते ती टाकून देते आणि पुढे जाते, आणि किंमत नसलेलं प्रॉडक्ट साइटवर गेल्यावर ते निस्तरायला आपणच असतो.

मोठ्या फाइलला एक्सएमएलरीडर, जो फाइल थोडी थोडी पुढे वाचत जातो, दुसरा पर्यायच नाही. सिम्पलएक्सएमएल आणि डॉम अख्खं झाड मेमरीत बांधतात, आणि ती मेमरी लिबएक्सएमएलची असल्यामुळे मेमरी_गेट_पीक_यूसेज मध्ये धरलीच जात नाही, स्क्रिप्ट थोडीशीच मेमरी घेतेय असं दिसतं आणि प्रोसेस सर्व्हर मारून टाकतो, तेव्हा आकडा ऑपरेटिंग सिस्टिमकडून घ्या. माझी पद्धत दोघांना मिळून वापरायची आहे, रीडरने पहिल्या प्रॉडक्ट टॅगपर्यंत जायचं, रीडआउटरएक्सएमएलने तेवढाच तुकडा घेऊन सिम्पलएक्सएमएलला द्यायचा, काम झालं की नेक्स्टला टॅगचं नाव देऊन पुढच्या प्रॉडक्टवर उडी. कोड सोपा राहतो आणि मेमरी फाइल कितीही मोठी असली तरी हलत नाही. जीझिप फाइल असेल तर कंप्रेस.झेडलिब वालं रॅपर नावापुढे लावलं की न उघडताच वाचता येते.

इथे दोन सापळे आहेत. बरेच जण व्हाइलमध्ये रीड आणि आत काही न देता नेक्स्ट असं लिहितात, ते छान ओळी पाडलेल्या फाइलवर बरोबर चालतं कारण टॅगच्या मधल्या रिकाम्या जागेवर नेक्स्ट थांबतो आणि मग रीड पुढच्या टॅगवर नेतो. फाइल एका ओळीत दाबलेली आली की मधली जागाच नसते आणि बरोबर एकाआड एक प्रॉडक्ट गायब. दुसरा सापळा जास्त घातक. रीड फाइल संपल्यावरही फॉल्स देतो आणि फाइल मध्येच मोडल्यावरही फॉल्सच देतो. इंटर्नल एरर्स चालू असतील तर लूप शांतपणे संपतो, आणि डाउनलोड अर्धवट झालेली फाइल फक्त कमी प्रॉडक्टची पूर्ण फाइल वाटते. फीडमध्ये नसलेली प्रॉडक्ट बंद करायची असं लॉजिक असेल तर अर्धं दुकान बंद होईल. लूपनंतर गेट_एरर्स बघितल्याशिवाय डेटाबेसला हात लावायचा नाही, हे मी प्रत्येक नव्या माणसाला पहिल्याच दिवशी सांगते.

मर्यादांचं थोडक्यात. एका टेक्स्ट नोडला साधारण १० एमबीची आणि खोलीला २५६ पातळ्यांची मर्यादा असते, बेस६४ केलेली (मजकुरात बदललेली) पीडीएफ आत असेल तर ती सहज ओलांडली जाते. पार्सह्यूज फ्लॅगने ती उठते, पण फक्त ओळखीच्या ठिकाणाहून आलेल्या फाइलला लावा. नोएंट हे नाव अगदी उलटं आहे, ते लावलं की एन्टिटी बंद होत नाहीत, उलट त्यांच्या जागी मजकूर भरला जातो, आणि बाहेरच्या एन्टिटीमधून सर्व्हरवरच्या फाइल वाचल्या जाऊ शकतात. लिबएक्सएमएल २.९ पासून बाहेरच्या एन्टिटी मुळातच लोड होत नाहीत, म्हणून पीएचपी ८ मध्ये ते डिसेबल_एन्टिटी_लोडर फंक्शनही डेप्रिकेट केलं. तुमच्या कोडमध्ये कुठे नोएंट असेल तर आजच काढा.

पीएचपी ८.४ मध्ये नवीन डॉम क्लास आलेत आणि एक्सएमएलरीडरला फ्रॉमस्ट्रीम मिळालंय, म्हणजे उघड्या स्ट्रीमवरून थेट वाचता येतं. नव्या प्रोजेक्टमध्ये मी तेच वापरते, जुना चालणारा कोड मात्र त्यासाठी बदलला नाही आणि बदलायची गरजही वाटली नाही. नवीन सर्व्हरवर सिम्पलएक्सएमएलचं फंक्शनच सापडत नाही असं आलं तर एक्सएमएल एक्स्टेंशनचं पॅकेज टाकलेलं नाही एवढंच, आणि कमांड लाइनवर चालतंय पण ब्राउझरमधून नाही असं असेल तर दोन्हीकडची पीएचपी व्हर्जन वेगळी आहेत का ते बघा.

खटकणारं एकच, एवढ्या वर्षांनीही एक्सपाथ १.० वरच अडकलंय. लोअरकेस करायचं तर ट्रान्सलेट फंक्शनला सगळी अक्षरं लिहून द्यावी लागतात, रेजेक्स तर नाहीच. मी आता एक्सपाथने फक्त नोड शोधते आणि बाकी सगळी गाळणी पीएचपीमध्ये करते, कोड दोन ओळी वाढतो पण सहा महिन्यांनी वाचणाऱ्याला कळतो.