ऑक्टापॅडला जादा पॅड जोडताना: रबर, जाळी की ड्रमला लावायचा ट्रिगर?

ऑर्केस्ट्रात किंवा बॅन्जो पार्टीत ऑक्टापॅड, म्हणजे काठीने वाजवायचं आठ पॅडांचं इलेक्ट्रॉनिक वाद्य, वाजवणाऱ्याला कधी ना कधी समोरचे आठ पॅड कमी पडायला लागतात. पायाखाली किक, म्हणजे पायाने वाजवायचा मोठा ड्रम, हवीशी वाटते, स्नेअरला, म्हणजे कडक आवाजाच्या छोट्या ड्रमला, मोकळी जागा हवी असते, किंवा शेजारी उभ्या असलेल्या खऱ्या ड्रमलाच सेन्सर लावून बघायची इच्छा होते. बाजारात यासाठी तीन पर्याय मिळतात: रबरी पॅड, जाळीचा म्हणजे मेशचा पॅड, आणि ड्रमच्या कडेला अडकवायचा ट्रिगर, म्हणजे फटका ओळखणारा सेन्सर. दुकानात गेल्यावर हात आधी काठीकडे जातो, पण आधी बघायचा असतो तो आपल्याच यंत्राच्या मागचा जॅक. पॅड आवडला आणि जॅकला तो वाचता आला नाही, तर अर्धे पैसे वाया गेले म्हणून समजा.

तिन्हींच्या पोटात मूळ वस्तू बहुतेक वेळा एकच असते: पिएझो. पितळेची पातळ चकती आणि तिच्यावर सिरॅमिकचा थर. हादरा बसला की तिच्यात वीज तयार होते, फटका जोराचा तर व्होल्टेज जास्त. यंत्र ते व्होल्टेज मोजतं, १ ते १२७ मधला एक आकडा ठरवतं आणि त्या जोराचा आवाज काढतं. पॅडला स्वतःचा आवाज नसतोच. १९८५ साली आलेल्या रोलँडच्या पहिल्या ऑक्टापॅडमध्येसुद्धा आवाज नव्हते. तो नुसता मिडी, म्हणजे कुठला सूर किती जोरात वाजवायचा याचा संदेश, दुसऱ्या यंत्राला पाठवायचा. म्हणून महागडा पॅड घेतला की आवाज सुधारेल, ही अपेक्षा ठेवू नये. सुधारतो तो हाताला मिळणारा प्रतिसाद आणि हलक्या-जड फटक्यांमधला नेमकेपणा.

एकाच पॅडवर मध्यभागी एक आणि रिमवर, म्हणजे काठावर, दुसरा आवाज हवा असेल, तर खरी गुंतागुंत सुरू होते. अशा पॅडला स्टिरिओ केबल लागते: तिच्या पिनच्या टोकावरून पॅडच्या मधल्या भागाचा सिग्नल, मधल्या कड्यावरून रिमचा, आणि मागचा भाग ग्राउंड. पण रिमखाली काय बसवलंय, ते कंपनीगणिक आणि मॉडेलगणिक बदलतं. काही पॅडमध्ये तिथे दुसरा पिएझो असतो. जाळीचे बरेचसे स्नेअर असे असतात. काहींमध्ये पट्टीसारखा स्विच असतो. रबरी पॅड आणि झांजांचे पॅड बहुधा या जातीचे. स्विचला जोर कळत नाही. जोर मधला पिएझोच सांगतो, आणि त्याच क्षणी स्विच दाबलेला दिसला तर यंत्र समजतं की फटका काठावर बसला. फटका नसताना स्विच दाबलेला दिसला, तर झांज हाताने धरली असं समजून आवाज तोडतं.

हे एकदा लक्षात आलं की अर्ध्या तक्रारींचं कारण सापडतं. पिएझो-पिएझो पॅड स्विच वाचणाऱ्या जॅकला लावला, तर मधला भाग वाजतो आणि रिम मुकी राहते. स्विचवाल्या पॅडला मोनो केबल लावली, तर पिनचं मधलं कडं आणि ग्राउंड एकमेकांना चिकटतात, यंत्राला स्विच कायम दाबलेला दिसतो, आणि कुठेही मारलं तरी काठाचाच आवाज येतो किंवा तुटका येतो. मेनूत पॅडचा प्रकार निवडायची सोय असेल तर आधी तो बदलून पाहा. तीन आवाजांच्या राइड झांजेत तर कंपन्यांच्या वाटाच वेगळ्या आहेत: रोलँडच्या पारंपरिक राइड पॅडला दोन केबली लागतात, तर यामाहा स्विचमध्ये रेझिस्टर घालून एकाच स्टिरिओ केबलीत काम भागवते. एकाची राइड दुसऱ्याला लावून तिन्ही आवाज मिळतील, असं गृहीत धरू नका. हाय-हॅटच्या, म्हणजे पायाने उघडझाप करायच्या झांजांच्या जोडीच्या, पेडलचंही तेच.

आता हाताखालचा फरक. रबरी पॅड लहान, टिकाऊ, आणि स्टेजवर सगळ्यात निर्धास्त. मांडवात मोठे बेसचे स्पीकर शेजारी असले तरी तो सहसा आपोआप वाजत नाही. तोटा असा की मनगटाला कडक लागतो, आणि घरी सरावाला त्याची टकटक शेजाऱ्यांपर्यंत जाते.

जाळीचा पॅड सरावाला फार सुखाचा. आवाज कमी, काठीला उसळी मिळते, ताण आपल्या हाताप्रमाणे बदलता येतो. पण बऱ्याच मॉडेलांत पिएझोवर फोमचा शंकू मध्यभागी उभा असतो; बरोबर त्याच्यावर फटका बसला की आवाज एकदम मोठा येतो, आणि फोम दबत गेला की प्रतिसाद बदलतो. बेसच्या धक्क्याने जाळी हलते आणि न मारता आवाज निघू शकतो. थ्रेशोल्ड, म्हणजे किती जोरापासून फटका मोजायचा ती मर्यादा, वाढवला तर ते थांबतं, पण हलके फटकेही गिळले जातात.

ड्रमला लावायचा ट्रिगर सगळ्यात जास्त लक्ष मागतो. खऱ्या ड्रमचं पान, म्हणजे वरचा ताणलेला पडदा, फटक्यानंतरही थरथरत राहतं, म्हणून एका फटक्याला दोन आवाज येतात. मास्क टाइम, म्हणजे एका फटक्यानंतर यंत्र पुढचा सिग्नल दुर्लक्षित करतं तो क्षण, वाढवावा, तर जलद रोलमधले फटके गळतात. पानाला जेलचा तुकडा लावून थरथर आवरली तर बरंच जमतं. खऱ्या ड्रमच्या आवाजाखाली दुसरा आवाज मिसळायचा असेल तर याला पर्याय नाही. नुसता एक जादा पॅड हवा असेल तर या वाटेला जाऊ नका.

किकसाठी माझं मत स्पष्ट आहे. ऑक्टापॅडवाल्याने मोठा किक पॅड आणि वेगळा पेडल घेण्यापेक्षा रोलँडच्या केटी-१० सारखा ट्रिगर आतच असलेला पेडल घ्यावा. जागा कमी, आवाज कमी, गाडीत टाकायला सोपा. त्याला मिक्स-इन, म्हणजे दुसरा पॅड आत घेणारा, जॅक असल्यामुळे जॅक कमी असलेल्या यंत्रावर आणखी एक पॅडही त्याच केबलीतून पाठवता येतो. एसपीडी-३० सारख्या ऑक्टापॅडच्या मॉडेलला मागे अनेक ट्रिगर जॅक आहेत, तिथे मिक्स-इनची गरजही पडत नाही. वाय केबलने, म्हणजे एका पिनच्या दोन पिना करणाऱ्या केबलने, एका जॅकवर दोन पॅड चालवता येतात, पण मॅन्युअलमध्ये तशी सोय लिहिलेली असेल तरच. आणि दोन्ही एकदम वाजवल्यावर एखादा फटका हरवू शकतो.

यूएसबीसारख्या केबलने जोडायचे डिजिटल पॅड या तुलनेत घेतलेच नाहीत. ते रोलँडच्या टीडी-५०, टीडी-२७ सारख्या ठरावीक मॉड्यूलवरच, म्हणजे इलेक्ट्रॉनिक ड्रमचा आवाज काढणाऱ्या यंत्रावरच, चालतात.

स्टेजवर वाजवणाऱ्याने किकचा पेडल आणि एक रबरी पॅड घ्यावा. घरी रोज तास-दोन तास हात फिरवणाऱ्याने स्नेअरपुरता जाळीचा पॅड घ्यावा, मात्र रिम आपल्या यंत्रावर वाजते का ते दुकानातच, आपलं यंत्र सोबत नेऊन बघावं. जुना पॅड घेत असाल तर जॅक हलवून बघा आणि सगळीकडे सारख्याच जोराने मारून बघा. पिएझोची तार तुटली असेल तर घाबरू नका: चकती अगदी स्वस्त मिळते आणि सोल्डरिंग येणारा कुठलाही रेडिओ-टीव्ही दुरुस्तीवाला ती बदलून देतो. रिमचा स्विच मेला असेल, तर मात्र तो पॅड एकाच आवाजाचा धरून भाव करा.