जुन्या कौलारू घराचं लाकूड सोडवायला कोणती कटावणी? काही महिने वापरल्यानंतरचा अनुभव

कुडाळकडच्या आमच्या जुन्या घराचं लाकूड उतरवून, जेवढं वाचेल तेवढं नवीन घरात वापरायचं असं घरात ठरलं. दिवाळीनंतर काम सुरू झालं, आता मे संपत आला तरी थोडं थोडं चालूच आहे. या सगळ्या काळात तीन कटावण्या (लाकूड उचकटायच्या, खिळे उपटायच्या लोखंडी दांड्या) सतत हातात होत्या. एक हार्डवेअरच्या दुकानातली 24 इंची, बाकदार मानेची, षटकोनी सळईची. दुसरी ऑनलाईन मागवलेली चपटी, साधारण 12 इंची. आणि तिसरी गावच्या लोहाराकडून ट्रकच्या स्प्रिंगच्या पाट्यापासून करून घेतलेली छोटी, खास खिळे उपटायला. तिन्हीबद्दल सविस्तर लिहितोय, कारण घ्यायच्या आधी मी शोधत होतो तेव्हा मराठीत यावर फार काही वाचायला मिळालं नाही.

माझं मत आधीच सांगतो. घर नुसतं पाडायचं असेल तर साधी पहारसुद्धा चालते. पण लाकूड अख्खं बाहेर काढायचं असेल तर कटावणीची लांबी नंतर बघा, आधी तिचं टोक किती पातळ आहे आणि टोकातली खाच खिळ्याला किती घट्ट धरते ते बघा. लोक दुकानात जातात, सगळ्यात जाड आणि जड बार उचलतात आणि मग रिपा (कौलांखालच्या लाकडी पट्ट्या) फाडून ठेवतात. पन्नास-साठ वर्षं वाळलेला साग आणि किंजळ आज पैसे देऊनही तसा मिळत नाही, तो फाटलेला बघून खरंच जीव तुटतो.

24 इंचीचं काम म्हणजे जोर. माळ्याचं पाटण उचलायला, भालीवरून (वासे पेलणाऱ्या आडव्या लाकडावरून) वासे सुटे करायला, जांभ्याच्या भिंतीतून चौकट हलवायला हिच्याशिवाय भागत नाही. हिशोब साधा आहे, टाचेपासून (बाकाचा जो भाग लाकडावर टेकतो तिथपासून) टोक 2 इंच आणि टाचेपासून हात 22 इंच धरला तर लावलेला जोर साधारण 11 पट होतो, म्हणजे तुम्ही 20 किलोचा भार दिलात तर तिकडे 220 किलोच्या आसपास पोचतो. (पण जवळपास तेवढाच भार टाचेखालच्या लाकडावरही येतो हे कुणी सांगत नाही!) टाच थेट सागाच्या फळीवर टेकवली तर तिथे खोल वण पडतो, तो रंध्यानेही सहज जात नाही. म्हणून टाचेखाली कायम लाकडाचा एक ठोकळा. मी पाऊण इंच आणि दीड इंच असे दोन ठोकळे दोरीला बांधून कमरेला अडकवून ठेवतो. ठोकळ्याने लाकूड तर वाचतंच, शिवाय खिळा वर येत गेला की टेकूची उंची वाढवता येते आणि खिळा वाकडा न होता सरळ निघतो. आमच्याकडे कामाला येणारे सुतारकाका दिवसातून चार वेळा ओरडायचे, "आधी टेकू बघ, मगे जोर लाय!"

हिची अडचण म्हणजे टोक जाड होतं आणि खाचेच्या कडा बोथट, शिवाय वर रंगाचा थर. रुतलेल्या खिळ्याच्या डोक्याखाली टोक जायचंच नाही. मग कानस घेऊन खाचेच्या आतल्या दोन्ही कडा तिरक्या घासून धारदार केल्या, त्याला संध्याकाळचा एक-दीड तास गेला आणि त्यानंतर ही कटावणी वेगळीच वाटायला लागली. ग्राइंडरवर करणार असाल तर बाजूला पाण्याचा डबा ठेवा आणि सारखी बुडवत राहा. टोक तापून निळं झालं की तिथलं पोलाद मऊ पडतं आणि पुढच्या जोराला कडा दबतात.

चपटीकडून मला एवढी अपेक्षा नव्हती पण आज एकच ठेवायची म्हटलं तर मी हीच ठेवेन. टोक जेमतेम अडीच-तीन मिलिमीटर जाड, त्यामुळे दोन फळ्यांच्या सांध्यात, चौकटीच्या पट्टीमागे, खिडकीच्या झडपाच्या बिजागरीखाली कुठेही शिरते. हळूच ठोकत सरकवायची, थोडं उचलायचं, एक वीत पुढे जायचं, परत थोडं उचलायचं. एकाच जागी पूर्ण उचलायला गेलात की फळी खिळ्याच्या रेषेत चिरते. ओटीवरच्या छताच्या पट्ट्या या पद्धतीने जवळजवळ सगळ्या अख्ख्या निघाल्या. मात्र ही लवचिक असते. वाशासारख्या जड लाकडाला हिने उचलायला जाऊ नका, वाकते आणि सुटली तर उसळून येते. आणि पाईप घालून लांबी वाढवायचा प्रकार तर कुठल्याच कटावणीवर करू नका.

आता तिसरी. ही छोटी, नऊ-दहा इंचाची, टोक जवळजवळ काटकोनात वळलेलं आणि त्यात बारीक खाच. खिळ्याचं डोकं लाकडात पूर्ण बुडालेलं असतं तेव्हा हीच लागते. डोक्याच्या जरा मागे टोक ठेवायचं, हातोडीने ठोकून तिरकं डोक्याखाली घालायचं आणि मागे दाबायचं. थोडा वण पडतो, त्याला इलाज नाही. ट्रकचा पाटा म्हणजे स्प्रिंगचं पोलाद, त्यामुळे माल उत्तमच होता, पण पहिल्या वेळी पाणी जास्त बसलं, म्हणजे टोक गरजेपेक्षा कडक झालं, आणि चौथ्या-पाचव्या खिळ्यालाच टोकाचा टवका उडाला. परत नेली. लोहाराने तोंड नव्याने घडवलं, लाल करून तेलात विझवलं (हे पोलाद एकदम पाण्यात विझवलं तर तडा जाऊ शकतो), मग टोक दगडावर घासून चकचकीत केलं आणि मागची बाजू भट्टीवर धरून तो नुसता रंग बघत बसला. आधी फिकट पिवळा, मग तपकिरी, मग जांभळा असा रंग हळूहळू टोकाकडे सरकत आला, आणि जांभळ्याच्या पुढे निळसर झाक दिसताक्षणी परत विझवली. त्यानंतर आजपर्यंत टोक ना उडालं ना वाकलं. तुमच्या जवळपास पहारी, कुदळी शेवटून (झिजलेलं टोक परत घडवून) देणारा लोहार अजून असेल तर त्याच्याकडून एक जरूर करून घ्या, मला दुकानातल्यापेक्षा स्वस्तात पडली.

खिळ्यांबद्दल थोडं जास्त लिहितो कारण खरा वेळ तिथेच जातो. आमच्या घरात दोन प्रकारचे खिळे निघाले. जुन्या भागात लोहाराने घडवलेले चौकोनी, खाली निमुळते होत जाणारे, आणि नंतर वाढवलेल्या पडवीत हल्लीचे गोल तारेचे. चौकोनी खिळा सुरुवातीला अजिबात दाद देत नाही पण एकदा पाव इंच वर आला की निमुळता असल्यामुळे लगेच सैल होतो. तारेचा खिळा मात्र शेवटपर्यंत सारखाच धरून ठेवतो आणि गंजलेला असला की डोकं तुटतं. यावर सगळ्यात उपयोगी पडलेली गोष्ट म्हणजे उपटायच्या आधी खिळ्याच्या डोक्यावर हातोडीचा एक फटका, खिळा केसभर आत गेला पाहिजे. त्याने गंजाची पकड सुटते आणि मग कर्र आवाज करत निघतो. पलीकडून टोक वळवून बसवलेलं असेल तर आधी ते सरळ करून मागून ठोकून डोकं वर आणायचं, नाहीतर रीप फाटलीच म्हणून समजा. डोकं तुटलंच तर जंबूर (खिळे धरायचा चिमटा) घ्यायचा, दांडी घट्ट धरायची आणि सरळ न ओढता जंबूर बाजूला लोळवायचा, थोडं थोडं करत निघतो. तेही जमलं नाही तर पंचने पलीकडे ठोकून काढायचा.

हे एवढं सगळं का, तर पुढे लाकूड चिरायला सॉ मिल आहे. लाकडात एक तुटका खिळा राहिला तरी बँडसॉचं पातं जातं, आणि बरेच मिलवाले जुनं लाकूड घ्यायलाच तयार नसतात ते याच कारणाने. आम्ही जुन्या स्पीकरमधलं चुंबक दोरीला बांधून प्रत्येक वाशावरून चारही बाजूंनी फिरवलं, जिथे ओढ जाणवली तिथे खडूने गोल. सागात खिळ्याभोवती लाकूड काळं पडलेलं असतं, त्या खुणेनेही आत राहिलेला तुकडा सापडतो. चुंबक फिरवलेले वासे वेगळे रचून ठेवले आणि मगच मिलवाल्याला बोलावलं, त्याने स्वतः तपासून सगळे चिरायला घेतले.

दुकानात घेताना खिशात दोन-तीन मापांचे खिळे घेऊन जा आणि प्रत्येक खाचेत घालून बघा. खाच शेवटपर्यंत निमुळती होत गेलेली हवी, नाहीतर बारीक खिळा आरपार निसटतो. टाचेचा बाक गोल, गुळगुळीत हवा, तिथे कंगोरा असेल तर लाकडात रुततो. गोल सळईपेक्षा षटकोनी बरी, घामाने ओल्या हातातही फिरत नाही. टोकाला कानस हलकी लावून बघितली आणि भराभर कीस निघायला लागला तर माल मऊ आहे, नका घेऊ. माझ्या 24 इंचीवरचा रंग महिन्याभरातच उडाला, गंजही चढला, पण तेलाचं फडकं फिरवलं की विषय संपतो.

सुरक्षेचं वाचताना कंटाळा येतो, तरी लिहितो. गॉगल पाहिजेच. पोलादावर पोलाद आपटलं की टवके उडतात, आणि सुतारी हातोडीचं तोंडही कडक असतं, म्हणून कटावणीवर ठोकायला मी जाड तोंडाचा छोटा घण वापरतो. कटावणी ओढताना आपलं तोंड तिच्या रेषेत ठेवायचं नाही. उपटलेला खिळा लगेच डब्यात, आणि खिळ्यांसकट फळ्या जमिनीवर तशाच टाकायच्या नाहीत. धनुर्वाताचं इंजेक्शन घेऊन 10 वर्षं झाली असतील तर काम सुरू करायच्या आधीच घ्या, आणि खोल किंवा घाण जखम झालीच तर 5 वर्षांच्या आत घेतलेलं असलं तरच निर्धास्त राहा, नाहीतर त्याच दिवशी डॉक्टर. वायरिंग लाकडी पट्टीतून गेलेलं असेल तर मेन स्विच बंद केल्याशिवाय पट्टीला हात लावू नका. आणि कौलं उतरवताना, वाशांच्या खोबणीत बोट घालायच्या आधी कटावणीचं टोक फिरवून बघा, आमच्याकडे विंचू बरेच निघाले.

शेवटचं, खास जुन्या घरवाल्यांसाठी. माजघराचे खांब आणि देवघराची चौकट यात बऱ्याचदा खिळाच नसतो, सांधा कुसू घालून (एका लाकडाची जीभ दुसऱ्याच्या भोकात बसवून) वर लाकडी खुंटी ठोकलेली असते. रंगाखाली ती दिसत नाही आणि माणूस कटावणी लावून सांधा उचकटायला जातो. आधी रंग खरवडून खुंटीचं गोल तोंड शोधा, दोन्ही बाजू तपासा, जे तोंड बारीक दिसेल तिकडून लाकडी दांडा ठेवून ठोका, म्हणजे ती रुंद बाजूने बाहेर येईल. खुंटी निघाली की सांधा लाकडी हातोड्याच्या दोन-चार ठोक्यांत हलतो, कटावणी लागतच नाही.