चाकणचं वर्कशॉप: गाडी बरी, वॉरंटी नावाला

दोन स्टार देतोय आणि ते दोन्ही इंजिनला. वर्कशॉपला शून्य. कंपनीचं नाव मुद्दाम टाकत नाही, चाकण-तळेगाव पट्ट्यात ज्यांच्याकडे बीएस सिक्स (धुराच्या प्रदूषणाचे कडक नियम) ट्रक आहेत त्यांना वाचूनच कळेल, आणि दुसऱ्या कंपनीवाल्यांनी पण लगेच हसू नका, तुमच्याकडचं पण ऐकलंय आम्ही.

गाडी दहा टायर, २८ टनाची. चाकणवरून ऑटो पार्ट भरून होसूरला, येताना मिळेल ते भाडं. ओढायला मस्त आहे, ॲव्हरेजला नाव ठेवायला जागा नाही, ड्रायव्हर केबिनवर खूश. (एसी केबिनचं मात्र कौतुक सांगू नका, १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या ट्रकला ती सरकारनेच सक्तीची केलीय.)

दुखणं सगळं सायलेन्सरच्या बाजूला. १ एप्रिल २०२० ला बीएस सिक्स लागू झालं, त्यात मोठ्या गाडीला धुरातला नॉक्स (नायट्रोजनचे विषारी वायू) कमी करायला युरियाचं पाणी मारतात, आणि तो किती कमी झाला ते बघायला नॉक्स सेन्सर असतो. सेन्सरने उलटंसुलटं रीडिंग दिलं की गाडीच्या कॉम्प्युटरला वाटतं धूर साफ होत नाहीये, मग पिवळी लाइट, आणि तसंच दामटलं की गाडी स्वतःच पॉवर कापते. रिकामी असेल तर कशीतरी घरी येते. भरलेली असेल आणि खंबाटकी चढत असेल तर मागचे सगळे आपल्या सात पिढ्या काढतात, आणि ड्रायव्हर मला फोन लावतो, "मालक, गाडी ओढंना."

आता हे एकदा झालं तर ठीक, मशीन आहे. पण इथे दर थोड्या दिवसांनी तेच. वर्कशॉपला नेली की स्कॅनर लावतात, फॉल्ट कोड पुसतात, चावी हातात. एकदा सेन्सर बदलला वॉरंटीत, तेव्हा वाटलं सुटलो. पावसाळा लागला आणि परत लाइट. मग सुपरवायझर म्हणतो, "साहेब, तुमचा युरिया भेसळीचा आहे." म्हटलं टाकीतला काढ आणि माझ्यासमोर चेक कर. रिफ्रॅक्टोमीटर (युरियाचं प्रमाण मोजायचं यंत्र) त्यांच्याकडेच असतो, युरिया ३२.५ टक्के पाहिजे, रीडिंग बरोबर तेवढंच आलं. म्हटलं हे जॉब कार्डवर, म्हणजे तक्रार आणि काम लिहायच्या तुमच्या कागदावर, लिही. तर म्हणे तसा कॉलम नाही. कॉलम नाही! युरिया खराब निघाला असता तर कॉलम बरोबर सापडला असता.

आणि माझा खरा राग इथेच आहे, पार्ट खराब निघतो त्याचा एवढा नाही. जुनी जॉब कार्डं काढून बघितली तर मी दरवेळी ओरडून सांगितलेलं "लोडवर चढाला पॉवर जाते, पिवळी लाइट येते" हे कुठेच नाही, सगळीकडे "जनरल चेकअप", "सॉफ्टवेअर अपडेट" असलं काहीतरी. म्हणजे कंपनीच्या सिस्टीममध्ये माझ्या गाडीला तोच फॉल्ट परत परत आलाच नाही. मग एरिया मॅनेजर आरामात म्हणतो की रिपीट कम्प्लेंटचा रेकॉर्ड नाही सर, वॉरंटीला एक्स्टेंशन कशाच्या जोरावर मागू. यांनीच लिहायचं नाही आणि यांनीच विचारायचं लिहिलंय कुठे.

शेवटी निगडीच्या ट्रान्सपोर्ट नगरमधल्या एका वायरमनला नुसती दाखवली. हात लावू दिला नाही, बाहेर उघडली की वॉरंटी गेली म्हणतात. तो खाली झोपला, टॉर्च मारला आणि म्हणाला हार्नेस (वायरींचा जुडगा) बघा, क्रॉस मेंबरला (चासीच्या आडव्या पट्टीला) घासतोय, वरचं कव्हर सोललंय, आत पाणी जात असणार. पावसात लाइट का येते त्याचं उत्तर मिळालं. फोटो काढून वर्कशॉपला दाखवले तर उत्तर काय, "हार्नेस घासणं म्हणजे बाहेरचं डॅमेज, वॉरंटीत बसत नाही." अहो, क्लिप तुमच्या फॅक्टरीत बसवली ना, का ड्रायव्हरने रात्री ढाब्यावर बसवली?

तोवर गाडी उभी. हप्ता चालू, ड्रायव्हरचा पगार चालू, पार्टीने लोड दुसऱ्याला दिला. वॉरंटी बुकात बारीक अक्षरात आधीच लिहून ठेवलंय की गाडी उभी राहिली त्याचं नुकसान कंपनी देणार नाही. वर त्यांच्या कॉल सेंटरचा फोन, "सर, सर्व्हिस कशी वाटली, दहापैकी दहा द्याल ना प्लीज." पोरीची काय चूक, पण दहा कसले देतोय.

अजून एक गोष्ट, काउंटरवर सांगतात की कमर्शियल गाडीला ग्राहक कोर्ट लागू नाही. अर्धंच खरं आहे. स्वतःची एक गाडी स्वतः चालवून पोट भरणारा माणूस ग्राहकच धरतात, सुप्रीम कोर्टाने १९९५ साली लक्ष्मी इंजिनिअरिंगच्या निकालात ट्रकचंच उदाहरण दिलंय आणि २०१९ च्या कायद्यातही ते कलम आहे. माझ्यासारखं दोन-तीन गाड्या आणि पगारी ड्रायव्हर असतील तर अवघड जातं, वकिलाने तोंडावर सांगितलं. पण ज्याची एकच आहे त्याने काउंटरवाल्याचं ऐकून घरी बसू नये, १९१५ वर फोन करावा, आणि दोन वर्षांच्या आत केस टाकावी लागते हे लक्षात ठेवावं.

बाकी गाडी घ्यायची तर घ्या, इंजिन खरंच चांगलं आहे. फक्त जॉब कार्डवर तुमच्या शब्दात तक्रार लिहिल्याशिवाय सही करू नका, किलोमीटर आणि फॉल्ट कोडचा फोटो काढा, जुना पार्ट काढलेला डोळ्यांनी बघा. मी आता हार्नेसच्या फोटोसकट कंपनीच्या हेड ऑफिसला ईमेल टाकलाय आणि रजिस्टर पोस्टाने पत्रही. पोचपावती आली, उत्तर नाही. पुढची सर्व्हिस साताऱ्याच्या वर्कशॉपला करणार, ते तरी सांगितलेलं लिहून घेतात असं ऐकलंय.