घाऊक औषध परवाना रद्द झाला: शासनाकडे अपील की थेट हायकोर्ट?

रद्दचा आदेश हातात पडला की गोदामातला माल जागच्या जागी अडकतो. त्यात बऱ्याच मालाची मुदत जवळ आलेली असते, म्हणून घाऊक विक्रेता घाईने थेट हायकोर्टाकडे धावतो. ही घाई पुष्कळदा अंगाशी येते.

औषधे नियम, १९४५ (पूर्वीचं नाव औषधे व सौंदर्यप्रसाधने नियम) मधला नियम ६६ परवाना प्राधिकाऱ्याला परवाना निलंबित किंवा रद्द करण्याचा अधिकार देतो. मात्र त्याआधी कारणे दाखवा नोटीस द्यावी लागते आणि आदेशात कारणं लिहावी लागतात. त्या आदेशाविरुद्ध तीन महिन्यांत राज्य शासनाकडे अपील करता येतं. महाराष्ट्रात ते अन्न व औषध प्रशासन खात्याच्या मंत्र्यांपुढे चालतं.

अपिलाचं खरं बळ कागदपत्रांत आहे. विक्रीची बिलं तपासणीच्या दिवशी दाखवता आली नाहीत, पण नंतर सापडली. ज्याला माल दिला त्याचा परवाना तेव्हा चालू होता. सक्षम व्यक्ती, म्हणजे विक्रीवर देखरेखीसाठी नेमलेला पात्र माणूस, त्या दिवशी रजेवर होती. हे सगळं तिथे मांडता येतं. चूक नोकराची असेल, तर नियम ६६ मध्येच मालकाला संरक्षण आहे: त्यात आपली फूस किंवा संगनमत नव्हतं आणि आधीच्या बारा महिन्यांत तसाच प्रकार घडला नव्हता, हे मालकाने सिद्ध करायचं. ते पुराव्याशिवाय होत नाही. शिवाय दोष छोटा आणि शिक्षा मोठी असेल, तर रद्दऐवजी ठरावीक दिवसांचं निलंबन मागता येतं. बहुतेकांना खरा दिलासा इथेच मिळतो.

राज्यघटनेच्या अनुच्छेद २२६ खालच्या रिट याचिकेत हायकोर्ट सहसा बिलं तपासत बसत नाही. आधी अपील का केलं नाही, हा पहिला प्रश्न येतो. पण नोटीसच दिली नाही, एका आरोपाची नोटीस देऊन दुसऱ्याच कारणावर परवाना रद्द केला, किंवा अधिकार नसलेल्या अधिकाऱ्याने आदेश काढला, तर व्हर्लपूल प्रकरणातल्या १९९८ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालानुसार अपिलाची वाट उपलब्ध असूनही याचिका चालू शकते. आदेशात कारणंच नसतील, तर मोहिंदरसिंग गिल प्रकरणाचा सुप्रीम कोर्टाचा १९७७ चा निकाल उपयोगी पडतो: मूळ आदेशात नसलेली कारणं नंतर प्रतिज्ञापत्रात घालून तो सावरता येत नाही. तरीही जिंकल्यावर बऱ्याचदा प्रकरण फेरसुनावणीसाठी त्याच कार्यालयाकडे परत जातं. ही तयारी मनात हवी.

म्हणून माझा कौल असा: वाद वस्तुस्थितीचा असेल तर अपील, दोष आदेश वाचताच उघड दिसत असेल तर याचिका. बिलाशिवाय किंवा परवाना नसलेल्याला झोपेच्या, नशेच्या गोळ्या विकल्या असतील, तर दोन्हीकडे वाट अवघड आहे, आणि ती तशीच असायला हवी.

नुसतं अपील दाखल करून विक्री सुरू करू नका. स्थगिती वेगळी मागावी लागते आणि ती लेखी हातात यावी लागते. परवान्याशिवाय विक्रीला औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याच्या कलम २७ खाली तीन ते पाच वर्षांची कैद आणि किमान एक लाख रुपये दंड आहे. आदेश थोड्या दिवसांच्या निलंबनाचा असेल, तर स्थगितीचा अर्ज अपिलासोबत पहिल्याच दिवशी द्या, नाहीतर सुनावणीची तारीख लागेपर्यंत निलंबनाचा काळच संपून जाईल.